गाभण मेंढीचा चारा व कोकराचे भाग्य

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी इतिहासावर लेख लिहावयाचा म्हटले म्हणजे लेखकाची लेखणी सहजच होळकरशाहीकडे वळते, आणि ते यथायोग्यच आहे. बालपणी मेंढरे राखणारे मल्हारराव माळव्याचे सुभेदार झाले. चौंडीच्या शिंदे घराण्यात जन्मलेल्या अहिल्याबाईंनी राज्यकारभाराचा आदर्श घालून दिला. २०२५ साली त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली आणि अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत ठिकठिकाणी आपण तो प्रसंग साजरा केला. परंतु तलवारीच्या इतिहासाखेरीज आपल्या ज्ञातीचा दुसराही एक इतिहास आहे. तो चाऱ्याचा इतिहास होय. त्यात सनावळी थोडी आणि वाटचाल फार. ज्यांनी तो घडविला त्यांनी तो लिहिला नाही. त्यामुळे शहरात जन्मलेल्या आपल्या मुलानातवंडांस त्याची वार्ताही नाही. त्या इतिहासाचे एक छोटेसे प्रकरण प्रस्तुत लेखात वाचकांपुढे ठेवण्याचा विचार आहे. गाभण मेंढीच्या पोटात काय पडते, आणि त्यावर तिच्या कोकराचे पुढील आयुष्य किती अवलंबून असते, हे ते प्रकरण होय.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्यांची भावकी अजून माण, खटाव, फलटण, सांगोला, आटपाडी, जत किंवा पारनेर या तालुक्यांत मेंढरांमागे आहे, त्यांस तो क्षुल्लक वाटणार नाही. आणि हा लेख लिहिण्यास प्रस्तुत लेखकास स्वतःच्या घरातील एक प्रसंगच कारण झाला आहे. तो ओघाने पुढे येईल.

वर्षाचे गणित

मेंढीचा गर्भकाल सुमारे १४७ ते १५० दिवसांचा, म्हणजे ढोबळ मानाने पाच महिन्यांचा असतो. एवढी एक संख्या ध्यानात ठेवली म्हणजे आपल्या पूर्वजांच्या भटकंतीमागील शिस्त उलगडू लागते. परक्या माणसास वाटते की, धनगर चारा दिसेल तिकडे जातो. वस्तुतः त्याचे वर्ष मेंढीच्या पोटाभोवती आखलेले असते.

ज्येष्ठ-आषाढात देशावर पहिला पाऊस पडतो, माळरानावर कोवळे गवत उगवते, उन्हाळ्यात खंगलेली मेंढी आठ-पंधरा दिवसांत अंग धरू लागते आणि माजावर येते. अंग भरत असतानाच मेंढी चांगली फळते, हे जुन्या मेंढपाळास ठाऊक होते. संयोगापूर्वी दोन-तीन आठवडे मेंढ्यांस मुद्दाम अधिक चारा व खुराक देण्याची जी रीत पाश्चात्त्य पशुपालनाच्या पुस्तकांत सांगितली जाते, ती आमच्याकडे मृगाचा पाऊस फुकट पार पाडीत असे. आषाढात फळलेली मेंढी पाच महिन्यांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात वितें. गर्भाची खरी वाढ होते ती अखेरच्या दीड महिन्यात, आणि तो दीड महिना येतो आश्विन-कार्तिकात. त्याच सुमारास बाजरी निघते, भुईमूग उपटला जातो, शिवारात पाला, सरवा आणि शेंगांचे वेल पडलेले असतात, बांधावरचे गवत बी धरून पोसलेले असते. दसऱ्यानंतर वाडे हलतात ते याच हिशेबाने. जिचे पोट जड झाले आहे तिला जेथे पाला आहे तेथे न्यावयाचे.

त्यानंतर काही वाडे पूर्वेकडे नदीकाठच्या काळ्या रानांत उतरत, तर काही घाट उतरून कोकणात येत. भातकापणीनंतर कोकणातील खाचरे मोकळी होतात. बांधांवर गवत असते आणि ओलीवर घेतलेल्या वालाचा पाला पुढे मिळतो. व्यालेल्या मेंढीस दूध उतरण्यासाठी हा चारा उपयोगी पडे. शेतकरी आपल्या शेतात मेंढरे बसवून घेई आणि लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य देई. ते धान्य मुख्यतः वाड्यातील माणसांच्या पोटासाठी असे. परंतु अशक्त गाभण मेंढीपुढे ओंजळभर दाणा टाकण्याचे कामही बहुधा घरातील स्त्रियाच करीत. नवजात कोकरे वाघरीत राखणे, घोडीच्या पाठीवर सामानाबरोबर त्यांना बांधून नेणे, आईस दूध नसेल तर कळपातील शेळीस लावणे, ही सारी जबाबदारी त्यांचीच. वैशाखाच्या अखेरीस वाडे पुन्हा घाट चढत, कारण कोकणातील मुसळधार पाऊस व चिखल दख्खनी मेंढीस मानवत नाही. अशा रीतीने वर्षाचे चक्र पूर्ण होई.

परदेशी रक्त व देशी पोट

इंग्रजी अमलात मेंढीकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी आली. इंग्लंडच्या गिरण्यांस लोकर हवी होती. दख्खनची काळी-करडी, राठ लोकर घोंगडीस उत्तम. परंतु बारीक कापडास निरुपयोगी. सबब १८३० च्या दशकात कंपनी सरकारने अहमदनगर-पुणे भागात मेरिनो वगैरे परदेशी जातींचे मेंढे आणून येथील मेंढीची लोकर सुधारण्याचा प्रयत्न केला. तो प्रयत्न टिकला नाही. पुढे विसाव्या शतकातही मेरिनो व रॅम्बुले या जातींशी दख्खनी मेंढीचा संकर करण्याचे प्रयोग झाले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात त्यावर पुष्कळ अभ्यास झाला. संकरित कोकरे प्रक्षेत्रावर चांगली वाढत. परंतु दिवसाला कित्येक मैल चालणाऱ्या, उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगांवर गुजराण करणाऱ्या कळपांत त्यांचा टिकाव लागणे कठीण जाई. शेवटी दख्खनी मेंढीची निवड पद्धतीने सुधारणा करण्याकडेच लक्ष वळले.

या साऱ्या प्रयत्नांत एक समजूत समान होती. मेंढा चांगला आणला की कोकरू चांगले निपजेल, अशी ती समजूत. ती अगदीच खोटी नव्हे. परंतु ती अर्धीच खरी आहे, आणि अर्ध्या सत्याने संसार बुडतात.

केंब्रिजचा दाखला

उरलेले अर्धे सत्य शास्त्राच्या भाषेत मांडले गेले ते इंग्लंडमधील केंब्रिज येथे. तेथील पशुशास्त्रज्ञ जॉन हॅमंड व त्यांचे सहकारी आर्थर वॉल्टन यांनी घोड्यांवर एक प्रयोग केला व तो १९३८ साली प्रसिद्ध केला. शायर ही प्रचंड देहाची घोड्याची जात आणि शेटलंड ही ठेंगणी. त्यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. रक्त दोन्हींकडे निम्मे-निम्मे. परंतु शायर घोडीच्या पोटचे शिंगरू मोठे जन्मले, तर शेटलंड घोडीच्या पोटचे लहान. म्हणजे बाप कितीही दांडगा असो, गर्भाने किती वाढावे याची मर्यादा आईचे शरीर घालून देते.

त्याच केंब्रिजमध्ये वॉलेस नामक संशोधकाने मेंढ्यांवर प्रयोग करून १९४८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाभणपणाच्या अखेरच्या सहा आठवड्यांत काही मेंढ्यांस भरपूर आहार दिला व काहींस तुटपुंजा. उपाशी राहिलेल्या मेंढ्यांची कोकरे जन्मतः हलकी भरली, आणि ज्यांच्या पोटी जुळी होती त्यांची तर फारच हलकी. शिवाय त्या मेंढ्यांची कास भरली नाही व दूधही कमी उतरले. याचे कारण गर्भाच्या वाढीच्या रीतीत आहे. तीन महिन्यांपर्यंत गर्भ वजनाने अगदी थोडा असतो. जन्मवेळच्या वजनापैकी सुमारे सत्तर टक्के वजन अखेरच्या सहा आठवड्यांतच चढते. दख्खनी मेंढीचे कोकरू जन्मतः अडीच-तीन किलोग्रॅमचे धरले, तर त्यातील जवळजवळ दोन किलोग्रॅम या दीड महिन्यात घडावयाचे असतात. त्याच काळात गर्भाशय जागा व्यापीत असल्याने मेंढीच्या पोटात चारा कमी मावतो. गरज वाढते आणि जागा घटते. म्हणून त्या दिवसांत चारा नुसता पुष्कळ असून भागत नाही, तो कसदारही असावा लागतो.

मात्र पहिल्या साडेतीन महिन्यांत हयगय केली तरी चालेल, असा याचा अर्थ नव्हे. दुसऱ्या व तिसऱ्या महिन्यांत वार वाढते. गर्भास अन्नरस पोहोचविणारी ती वारच खुरटली, तर पुढे कितीही पेंड घातली तरी ती पूर्णपणे कोकरापर्यंत पोहोचत नाही.

हलके कोकरू जन्मल्याने काय बिघडते? आई सांभाळील, असे कोणी म्हणेल. परंतु कोकराच्या अंगी जन्मतः एक विशिष्ट प्रकारची तपकिरी चरबी असते. पहिल्या थंड रात्री तीच जळून त्यास ऊब देते. आई उपाशी असली म्हणजे ही शिदोरी तोकडी पडते. मार्गशीर्षातील माणदेशच्या पहाटेस उघड्या रानात दीड किलोग्रॅमचे कोकरू का गारठते, याचे उत्तर येथे आहे. दुसरी गोष्ट चिकाची. मेंढीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भाकडे जात नाहीत. ती कोकरास केवळ चिकातून, आणि तीही जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच मिळू शकतात. कास रिकामी असली तर कोकरू जगाच्या रोगराईपुढे निःशस्त्र उभे राहते. तिसरी गोष्ट लोकरीची. लोकरीचे बारीक तंतू ज्या मुळांतून निघतात त्यांपैकी पुष्कळशी जन्मापूर्वीच, गर्भकालाच्या उत्तरार्धात तयार होऊ लागतात. ऑस्ट्रेलियातील शिंकेल व शॉर्ट यांनी १९६१ साली दाखवून दिले की, गर्भात व जन्मानंतर लगेच झालेल्या उपासमारीचा परिणाम मेंढीच्या प्रौढपणीच्या लोकरीवरही राहतो. म्हणजे आईच्या दीड-दोन महिन्यांच्या उपासाची खूण कोकराच्या अंगावर जन्मभर राहते.

धनगराचा हात

हे सर्व वाचून आपल्या अडाणी म्हणून हिणविल्या गेलेल्या पूर्वजांविषयी आदर वाढल्याखेरीज राहत नाही. त्यांनी वजनकाटा पाहिला नव्हता. परंतु संध्याकाळी कळप तळावर येताना वृद्ध मेंढपाळ एकेका मेंढीच्या कमरेवरून हात फिरवी आणि कणा हाताला किती लागतो त्यावरून तिचे पोट व तिची ताकद ओळखी. जिचा कणा टोचे तिला दुसऱ्या दिवशी बाजूस काढून चांगल्या रानात सोडी. कण्यावर हात ठेवून मेंढीस गुण देण्याची हीच रीत ऑस्ट्रेलियात जेफ्रीज यांनी १९६१ साली शास्त्रीय पद्धत म्हणून मांडली आणि आज ती जगभरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतून शिकविली जाते. परळ येथील आपल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १८८६ सालची. तेथे शिकणाऱ्या आपल्या ज्ञातीतील तरुणांनी ही पद्धत पुस्तकात वाचताना आपल्या आजोबांचा हात आठवावा, एवढीच विनंती.

तथापि केवळ अभिमान बाळगून भागणार नाही. पूर्वजांचे ज्ञान खरे असले तरी ते ज्या रानावर उभे होते ते रान आता राहिलेले नाही.

वाट अडली

१८७८ च्या व पुढे १९२७ च्या वनकायद्याने राखीव जंगलांतील चराईवर बंधने आली. नीरा खोऱ्यातील भाटघर धरण व कालव्यांमुळे दुष्काळी शिवारात पाणी खेळू लागले, पुढे साखर कारखाने निघाले. शेतकऱ्याचे कल्याण झाले, परंतु जेथे हंगाम संपल्यावर पडीक रान मिळे तेथे बारमाही ऊस उभा राहिला. गायराने आक्रसली. रासायनिक खत आल्यावर मेंढरे बसवून घेण्याची शेतकऱ्यास पूर्वीइतकी निकड राहिली नाही. इकडे कोकणच्या बाजूस १९७० च्या सुमारास नवी मुंबईची उभारणी सुरू झाली आणि पनवेलच्या बाजूची भातखाचरे इमारतींखाली गेली. घाटांतून द्रुतगती मार्ग झाले. २००२ पासून संपूर्ण वापरात असलेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मेंढरांच्या कळपास अर्थातच स्थान नाही. आपण उपनगरवासी लोकांनीही यात स्वतःस अगदी निराळे मानू नये. ज्या साष्टी बेटावर आपल्या सदनिका उभ्या आहेत तेही एके काळी भातशेतीचेच बेट होते. १९५० व १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द वाढत वाढत मुलुंड-दहिसरपर्यंत पोहोचली आणि शेतांच्या जागी वसाहती आल्या. १९७२ च्या दुष्काळाने ज्या अनेक कुटुंबांस गाव सोडावयास लावले, त्यांतील कित्येकांस याच वसाहतींनी पोटाशी धरले.

आजही कोरड्या दिवसांत कर्जत, पेण, पनवेल या बाजूंस वाडे उतरतात. परंतु एका तळापासून दुसऱ्या तळापर्यंतचे अंतर वाढले आहे आणि मधल्या वाटेवर खावयास कमी आहे. ज्या दीड महिन्यात मेंढीने कमी चालावे व अधिक खावे, त्याच दीड महिन्यात तिला अधिक चालून कमी खावे लागते. पूर्वी जे काम रान करीत असे, ते आता माणसास विचारपूर्वक करावे लागेल, हा या सर्व इतिहासाचा निष्कर्ष होय.

जुळ्यांचा प्रश्न

या निष्कर्षास एका नव्या घडामोडीने अधिकच महत्त्व आले आहे. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ साली स्थापन झाली. या संस्थेने १९९० नंतरच्या काळात बंगालमधील सुंदरबनच्या 'गरोळ' या लहानशा मेंढीकडे लक्ष दिले. गरोळ मेंढी बहुधा एकाहून अधिक कोकरे देते. तिच्यातील जुळ्यांचा गुण एकाच जनुकात असतो. त्याचाही इतिहास मनोरंजक आहे. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजांतून ऑस्ट्रेलियास गेल्या. तो गुण तेथील बुरूला नावाच्या मेरिनो कळपात दीडशे वर्षांनी ठळकपणे दिसून आला. आणि २००१ साली शास्त्रज्ञांनी त्या जनुकाचा नेमका ठाव लावला. फलटणच्या संस्थेत डॉ. चंदा निंबकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गुण लोणंदी दख्खनी मेंढीत उतरविला आणि 'नारी सुवर्णा' ही मेंढी सिद्ध केली. साधी दख्खनी मेंढी एका वितीस बहुधा एकच कोकरू देते. सुवर्णा मेंढी दोन वितींत सरासरी तीनच्या आसपास देते. मेंढपाळाच्या उत्पन्नाच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट आहे.

परंतु जुळी म्हणजे दुप्पट देणे नव्हे, तर प्रथम दुप्पट मागणे होय. दोन गर्भ पोसणाऱ्या मेंढीस अखेरच्या आठवड्यांत पुरेसा कस मिळाला नाही, तर ती स्वतःच्या अंगावरील चरबी झपाट्याने जाळू लागते. त्यातून रक्तात विषारी द्रव्ये साचतात, मेंढी मान टाकते, अंधळ्यासारखी उभी राहते, तिच्या श्वासास गोडसर वास येतो, आणि वेळीच उपचार न झाल्यास आई व कोकरे तिन्ही जातात. म्हणून जेथे जुळ्यांचे रक्त आणावयाचे तेथे खुराकाची तजवीज आधी करावयाची, हा नियम समजावा.

एक घरगुती कबुली

आता आरंभी उल्लेखिलेला प्रसंग सांगतो. आमचे मूळ गाव माण तालुक्यात. वडील मुंबईस आले, आम्ही भावंडे उपनगरांतच वाढलो. धाकटे चुलते मात्र मेंढरांमागे राहिले. २०१८ च्या वैशाखात गावच्या जत्रेस गेलो असता आम्हा मुंबईकर भावांस उत्साह आला. सर्वांनी वर्गणी काढून चुलत्यांस एक माडग्याळ जातीचा दांडगा मेंढा घेऊन दिला. जत तालुक्यातील माडग्याळची ही मेंढरे उंच, बाकदार नाकाची, अंगाने भरदार. रक्कम बरीच मोठी होती. त्याच्या गळ्यात हार घालून आम्ही छायाचित्रेही काढली.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली आणि पुढे आमच्या तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला. दिवाळीच्या आधी चुलत्यांचा दूरध्वनी आला की, मेंढ्या सगळ्या गाभण आहेत, पण रानात काही नाही. पेंडीची व मक्याची थोडी पोती धाडता आली तर पाहा. आम्ही हिशेब घातला. मेंढ्यास एवढे पैसे नुकतेच दिले आहेत, आता दिवाळीचा खर्च आहे, पुढच्या महिन्यात बघू, असे उत्तर दिले. पुढचा महिना आला तेव्हा मेंढ्या व्याल्या होत्या. कोकरांची हाडे बापासारखी लांब, पण अंगावर मांस नाही. आयांच्या कासा सुकलेल्या. निम्म्याहून अधिक मेंढ्यांखाली कोकरू राहिले नाही, आणि काही मेंढ्याही गेल्या. चुलते रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "मेंढा चांगलाच हाय रं बाळांनो, पण कोकरू आईला घालावं लागतंय."

केंब्रिजच्या हॅमंडसाहेबांनी घोड्यांवर प्रयोग करून जे सिद्ध केले, ते एका वाक्यात सांगणारा माणूस आमच्याच घरात होता, आणि आम्ही शिकलेसवरलेले असून त्याचे ऐकले नाही. मेंढा दिसतो, त्याचे छायाचित्र निघते. पेंडीच्या पोत्यास हार घालता येत नाही. आमची चूक एवढीच, पण तिची किंमत चुलत्यांनी दिली. ते वर्ष त्यांनी कर्जावर काढले.

मेंढीवरून माणसाकडे

कोकरांचा हा विचार माणसाच्या विचारापासून फार दूर नाही, हे नमूद करणे आवश्यक वाटते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रियांचा व पुढे त्यांच्या मुलांचा दीर्घकाल अभ्यास केला. आईच्या गरोदरपणातील पोषणाचा संबंध मुलाच्या पुढील आयुष्यातील मधुमेहासारख्या विकारांशीही पोहोचतो, या दिशेने त्यांच्या कार्याने जगाचे लक्ष वेधले. तद्वतच खुद्द मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. त्यात स्त्रियांस गर्भधारणेपूर्वीपासून हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ रोज देण्यात आला. एकंदर सर्व स्त्रियांचा विचार करता बाळांच्या वजनात ठळक फरक आढळला नाही. परंतु ज्यांनी गर्भधारणेपूर्वी निदान तीन महिने तो खाऊ घेतला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. पोषण केव्हा सुरू होते यास किती महत्त्व आहे, हे त्यावरून दिसते. मृगाच्या पावसात मेंढीचे अंग भरू द्यावे व मगच मेंढा सोडावा, असे म्हणणाऱ्या आपल्या आजोबांस हा निष्कर्ष ऐकून नवल वाटले नसते. आपल्या घरातील सुना-लेकींच्या ताटाकडे पाहतानाही हे स्मरणात असावे. सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरेल ते तिने खावे, ही रीत आपल्याही घरांतून अजून सर्वस्वी गेलेली नाही.

मंडळापुढे विचार

आता व्यवहाराची गोष्ट. गाभणपणाच्या अखेरच्या चार ते सहा आठवड्यांत दर मेंढीस चराईखेरीज रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक द्यावा, असे पशुतज्ज्ञ साधारणतः सांगतात. मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड, तुरीची किंवा हरभऱ्याची चुणी, थोडे क्षारमिश्रण, एवढ्यावर तो होतो. भुईमुगाचा पाला, तुरीचे भुसकट आणि वाळविलेल्या बाभळीच्या शेंगा हंगामात साठवून ठेवल्यास खर्च आणखी कमी होतो. दाणा एकदम फार घालू नये. पोट आंबून मेंढी दगावते. मूठभरापासून आरंभ करून आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवावे. सर्व कळपास सरसकट न देता प्रथम कण्यावरून हात फिरवावा, आणि ज्या रोड आहेत व ज्यांच्या पोटी जुळी असण्याचा संभव आहे त्यांस निराळे काढून द्यावे. धष्टपुष्ट मेंढीस अकारण खुराक दिल्यास एकुलते कोकरू फार मोठे होऊन अडते, हेही ध्यानी धरावे.

हिशेब करून पाहा. पन्नास मेंढ्यांस रोज पाव किलोग्रॅमप्रमाणे चाळीस दिवसांचा खुराक म्हणजे पाचशे किलोग्रॅम, पन्नास किलोग्रॅमची दहा पोती. आम्ही त्या मेंढ्यास जी रक्कम मोजली, तीत अशी पोती कितीतरी वर्षे पुरली असती.

सरकारनेही काही साधने निर्माण केली आहेत. १९७८ साली स्थापन झालेले, पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव धारण करणारे मेंढी व शेळी विकास महामंडळ पुण्यास आहे. महूद, रांजणी, दहिवडी इत्यादी ठिकाणी त्याची प्रक्षेत्रे आहेत. २०१७ साली राजे यशवंतराव होळकर यांच्या नावे महामेष योजना जाहीर झाली. या योजनांचे अर्ज भरणे, कागदपत्रे जुळविणे, मुदतीत पाठपुरावा करणे हे रानात फिरणाऱ्या माणसास अवघड जाते. मुंबईत कचेऱ्यांतून काम करणाऱ्या आपणास ते सहज जमण्यासारखे आहे.

देवनारचा कत्तलखाना १९७१ साली सुरू झाला. त्यापूर्वी तो वांद्रे येथे होता. घाटकोपर-चेंबूरहून जाताना देवनारच्या बाजारात उतरणारी मेंढरे आपण पाहतो. तेथे त्यांची किंमत वजनावर होते. ते वजन त्या दिवशी घडलेले नसते. त्याचा पाया आदल्या आश्विन-कार्तिकात, कोठल्या तरी उघड्या शिवारात, एका गाभण मेंढीच्या पोटात घातलेला असतो, आणि तो पाया घालणाऱ्या माणसास त्या वेळी पाचशे रुपयांची पेंड उसनी मिळाली की नाही, यावर पुष्कळसे अवलंबून असते.

म्हणून मंडळाच्या चालकांस व सभासद कुटुंबांस नम्र सूचना अशी की, दसऱ्याच्या सुमारास गावाकडील भावकीची विचारपूस करताना कळप केवढा आहे एवढेच न विचारता, मेंढ्या केव्हा फळल्या व खुराकाची सोय काय, हेही विचारावे. आणि जी मदत करावयाची ती दिवाळीनंतर न करता दिवाळीपूर्वी करावी. आमच्या चुलत्यांकडे तो माडग्याळ मेंढा पुढे काही वर्षे होता. २०१९ पासून आम्ही भाऊ दर आश्विनात वर्गणी काढून पोती धाडतो. आता कोकरे जगतात. पहिल्या वर्षी जी गेली त्यांचे ऋण मात्र आमच्याकडे तसेच बाकी आहे, आणि ते काही अंशी फिटावे म्हणूनच हा लेख लिहिला. इत्यलम्.